मिनीडीव्ही कॅसेटचं चित्र चौकोनांत फुटतं : आधी टेप बघा, मग हेड

लग्नाची जुनी मिनीडीव्ही, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याची छोटी डिजिटल कॅसेट, लावलेली असते. पडद्यावर अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टकं सुरू असतात, आणि नेमक्या त्या वेळी नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटायला लागतात. गाल एका जागी, डोळे दुसऱ्या जागी, आवाजाची चरचर. घरातलं कोणीतरी म्हणतं, कॅमेरा बिघडला. दुसरं म्हणतं, कॅसेट खराब झाली. तिसरं कपाटातून कापसाची काडी आणि सॅनिटायझर घेऊन येतं. तिथेच त्याला थांबवायचं, म्हणून हे लिहितोय.

मी चिपळूणचा. बरीच वर्षं लग्नं, मुंजी, पालख्या शूट केल्या. आता मुख्य काम म्हणजे लोकांच्या जुन्या कॅसेट कन्व्हर्ट करून पेनड्राइव्हमध्ये देणं. चौकोनांची तक्रार आठवड्यातून दोनदा तरी येतेच. एक गोष्ट मनाशी पक्की धरा : कॅमेरा जुन्या बाजारात दुसरा मिळेल, पण ती टेप जगात एकच आहे. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय. आधी ज्यात खर्च नाही आणि टेपला धोका नाही ते, आणि कॅमेऱ्याच्या पोटात हात घालणं अगदी शेवटी.

लक्षणं नीट बघा

"चौकोन येतात" एवढं सांगून भागत नाही. कसे येतात, कधी येतात, कुठे येतात, यावरून अर्धं निदान होतं. कागद-पेन घ्या आणि स्क्रीनवरच्या काउंटरचे आकडे टिपून ठेवा.

चौकोन तुरळक आहेत, दोन-चार सेकंद येतात आणि जातात, आणि टेप मागे नेऊन पुन्हा लावली तरी त्याच आकड्यावर येतात. हा दोष टेपचा. तिथला थर झिजलाय, नाहीतर घडी पडलीय.

चित्राच्या आडव्या पट्ट्या झाल्यात. एक पट्टी हलते, तिच्या खालची थिजलेली, पुन्हा एक हलती. वरपासून खालपर्यंत मोजल्या तर बारा भरतात. ही खूण सगळ्यात बोलकी आहे : टेप वाचणाऱ्या दोन हेडपैकी एक चोक झालंय, म्हणजे मळाने बंद झालंय.

पहिली पाच-दहा मिनिटं चित्र स्वच्छ, मग हळूहळू चौकोन वाढत जातात, शेवटी पडदा निळा. टेपवरचं काहीतरी सुटून हेडवर बसतंय. अशी टेप पुढे चालू ठेवू नका. पुढच्या तपासणीत याचं कारण येईल.

काउंटर पळतोय पण चित्र अजिबात नाही. दोन्ही हेड चोक असू शकतात. पण टेप कोरी असेल, किंवा ती एचडीव्हीत (तशाच कॅसेटवर जास्त बारीक चित्र घेणारी पद्धत) रेकॉर्ड केलेली असेल, तरीही असंच दिसतं. एचडीव्हीची कॅसेट बाहेरून हुबेहूब मिनीडीव्हीसारखीच असते, पण साध्या डीव्ही कॅमेऱ्याला ती वाचता येत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी (तिथली टीव्हीची पद्धत) असते आणि आपल्याकडच्या बऱ्याच पाल (आपली पद्धत) कॅमेऱ्यांत चालत नाही. कॅमेऱ्याला दोष देण्याआधी विचारून घ्या की ही कॅसेट कुठे आणि कशावर शूट झाली.

चौकोन नाहीत, पण चित्र अर्धा सेकंद थिजतं, आवाज जातो आणि पुन्हा सुरू होतं. टेप एचडीव्ही असेल तर चौकोनांच्या जागी हेच दिसतं. एचडीव्हीत बारा फ्रेमचा (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र) एक गठ्ठा एकत्र बांधलेला असतो. त्यातला दुवा तुटला की गठ्ठाच जातो, आणि बारा फ्रेम म्हणजे जवळपास अर्धा सेकंद.

आणि शेवटचं : कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं स्वच्छ, चौकोन फक्त कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये. मग टेप आणि हेड दोन्ही निर्दोष आहेत.

हे होतं कशामुळे

हे कळलं तर पुढची तपासणी आंधळेपणाने होणार नाही. मिनीडीव्हीची टेप ६.३५ मिलिमीटर रुंद, म्हणजे पाव इंच. तासाभराच्या कॅसेटमध्ये ती सुमारे ६८ मीटर असते आणि जाडी जेमतेम ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कॅमेऱ्याच्या आत २१.७ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेत असतो. त्यावर समोरासमोर दोन हेड बसवलेली असतात. टेप तिरकी गुंडाळली जाते आणि हेड तिच्यावर तिरक्या रेघा ओढत जातात. पालमध्ये एका फ्रेमच्या बारा रेघा, म्हणजे सेकंदाला तीनशे. एक रेघ पहिल्या हेडची, पुढची दुसऱ्याची. म्हणून एक हेड चोक झालं की एक सोडून एक पट्टी थिजते. कॅमेऱ्याला त्या जागचं नवं चित्र मिळत नाही, म्हणून तो आधीच्या फ्रेममधला तुकडा तिथे चिकटवतो. चौकोन म्हणजे कॅमेऱ्याने घातलेलं ठिगळ.

एका रेघेची रुंदी १० मायक्रॉन. माणसाचा केस तिच्या कितीतरी पट जाड. डोळ्यांना दिसणार नाही एवढा मळ हेडच्या टोकावर बसला तरी अंतर पडतं आणि वाचन थांबतं. जुन्या व्हीएचएसवर असा मळ आला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये अधलंमधलं काही नाही. तुकडा वाचला तर पूर्ण, नाहीतर गेला.

पैसे न घालवता होणाऱ्या तपासण्या

कॅसेट आत घालण्याआधी तिच्या पाठीवरची छोटी सरकपट्टी सेव्हकडे सरकवा. हे दोन सेकंदांचं काम आहे आणि ते केलं नाही म्हणून लग्नाच्या मध्येच तीस सेकंद भिंत शूट झालेल्या कॅसेट माझ्याकडे आल्यात. तपासताना गडबडीत लाल बटणाला बोट लागतं, आणि मिनीडीव्हीवर पुसलेलं परत येत नाही. बॅटरीवर काम करू नका, अडॅप्टर लावा. पंधरा वर्षांची बॅटरी मध्येच मान टाकते, आणि टेप ड्रमला गुंडाळलेली असताना वीज गेली तर ती तशीच अडकून बसू शकते.

मग कॅमेऱ्याचीच स्क्रीन बघा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर रोग कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. केबल यूएसबीची आहे की फायरवायरची ते पाहा. बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यांची यूएसबी मुळात फोटो किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी दिलेली असते. खरं काम फायरवायरचं, सोनीवाले त्याला आय-लिंक म्हणायचे. एका तासाची डीव्ही फाइल साधारण १३ जीबी होते. भरलेल्या डिस्कवर किंवा संथ पेनड्राइव्हवर थेट कॅप्चर केलं, म्हणजे टेप उतरवून घेतली, तर फ्रेम गळतात. मोकळ्या हार्ड डिस्कवर घ्या, बाकीचे प्रोग्रॅम बंद ठेवा. केबल लावताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद असू द्या, आणि कॅमेऱ्याकडचं चार पिनांचं टोक उलटं दाबून घालू नका. पोर्ट जळाला तर त्या कॅमेऱ्यातून डिजिटल कॉपी निघायची वाट बंद होते, आणि हे मी एकदा नव्हे, तीन कॅमेऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

आता कॅसेट. खरं तर ती आत घालण्याआधीच हे करायचं. ही तपासणी लोक हमखास गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. मोबाइलचा टॉर्च लावा, कॅसेट तिरकी धरा आणि खिडकीतून आतला टेपचा गुंडाळा बघा. निरोगी टेपची बाजू काळीभोर, गुळगुळीत, गाण्याच्या जुन्या तबकडीसारखी चमकते. पांढरट भुकटी, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा राखाडी ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. कॅसेट तिथेच बाजूला ठेवा. प्ले करू नका, मागे-पुढे फिरवू नका, क्लीनिंग कॅसेटचं नावही काढू नका.

कारण सांगतो, आणि ते माझ्याच टेबलावर घडलंय. २०११च्या पावसाळ्यात गुहागरकडच्या एका बाईंनी वडिलांची कॅसेट आणली होती. वडील वारले होते आणि त्यांचा आवाज तेवढ्या एकाच कॅसेटमध्ये होता. दुकानात गर्दी होती, मी टॉर्च न लावता कॅसेट घातली. सात मिनिटं चित्र चांगलं आलं, मग निळा पडदा. मी क्लीनिंग कॅसेट फिरवली, पुन्हा लावली, पुन्हा निळा पडदा. बुरशीचे कण ड्रमवर पसरले होते. त्यात भर म्हणजे त्याच डेकमध्ये (टेप चालवायच्या यंत्रात) मी संध्याकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाची चांगली टेप लावली, आणि ते कण तिच्यावर गेले. बाईंची टेप पुढे मुंबईतल्या एका जाणकाराकडून साफ करून घेतली. आवाज वाचला, पण मी चालवलेल्या त्या सात मिनिटांत ओरखडे पडले ते पडलेच. त्या दिवसापासून टॉर्च लावल्याशिवाय एकही कॅसेट माझ्या कॅमेऱ्यात जात नाही. बुरशीच्या टेपसाठी जुना कॅमेरा वेगळा ठेवलाय, आणि त्यात चांगली टेप कधीच लावत नाही.

आमच्याकडे पुराच्याही कॅसेट येतात. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा कपाटांच्या खालच्या खणांतले अल्बम आणि कॅसेट आधी भिजल्या. अशी टेप उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. चिखल वाळला की थर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना लेप निघून येतो. ओली असेल तर ओलीच स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर टेप साफ करणाऱ्याकडे पोचवा. हे घरी करायचं काम नाही.

टेप स्वच्छ दिसली तर पुढचा प्रश्न : दोष टेपचा की कॅमेऱ्याचा? एक कॅसेट लावून याचं उत्तर मिळत नाही. निदान तीन लावा, आणि त्यातली पहिली अशी असू दे की गेली तरी कोणाला दुःख होणार नाही. कोणाच्या तरी बागेचं शूटिंग, शाळेचं संमेलन, काहीही. तिन्ही कॅसेटवर चौकोन आले तर कॅमेरा. एकीवरच आले तर टेप. ज्या टेपसाठी जीव तुटतोय ती टेप या चाचणीत वापरू नका. घाणेरड्या हेडवर चांगली टेप घासली तर तीही खराब होते.

हवेची आर्द्रता आता बघा. कोकणात जून ते सप्टेंबर हा मोठाच प्रश्न असतो. एसी गाडीतून किंवा थंड खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की गार ड्रमवर दव धरतं, फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसं. ओल्या ड्रमला टेप चिकटते, ताणली जाते, वेळप्रसंगी गुंडाळली जाते. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यासाठी सेन्सर असतो आणि पाण्याच्या थेंबाची खूण दिसते. सोनीच्या कॅमेऱ्यावर सी:२१ असा आकडा येतो. तो आला की कॅसेट काढा, कप्प्याचं झाकण उघडं ठेवा आणि कमीत कमी तासभर थांबा. तास होताच घाई करून पुन्हा लावणारी माणसं मी पाहिलीयत. खूण गेल्यावरही थोडा वेळ जाऊ द्या. बाहेरून आणताना कॅमेरा बॅगेतच ठेवून बॅग खोलीच्या तापमानाला येऊ दिली तर हा प्रश्नच येत नाही.

सोनीवाल्यांसाठी बाकीचे आकडेही सांगून ठेवतो, कारण स्क्रीनवर ते आले की लोक घाबरतात. सी:२२ म्हणजे हेड घाण झालंय, क्लीनिंग कॅसेट लावा. सी:३१ किंवा सी:३२ आला तर अडॅप्टर काढून पुन्हा लावा, कॅसेट काढून परत घाला, बरेचदा तेवढ्याने सुटतं. सी:०४ म्हणजे बॅटरी सोनीच्या इन्फोलिथियम जातीची नाही. मात्र आकड्याआधी ई अक्षर असेल, ई:६१ किंवा ई:६२, तर घरच्या उपायांचा संबंध संपला. कारागीर गाठा.

टेपला थोडा व्यायाम

पंधरा-वीस वर्षं एकाच जागी बसलेल्या टेपचे थर एकमेकांवर घट्ट बसतात. ती तशीच प्ले केली तर धक्के खात सुटते, ताण कमीजास्त होतो आणि चौकोन पडतात. म्हणून बुरशी नाही याची खात्री झाल्यावर टेप एकदा शेवटपर्यंत पुढे न्या, मग पूर्ण मागे आणा. मग प्ले. तुरळक चौकोनांच्या कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटतात, आणि खर्च शून्य. फिरवताना कान कॅमेऱ्याजवळ न्या. एकसारखी घुरघुर हवी. आवाज मध्येच जड झाला, किंवा किरकिर करत थांबला, तर जबरदस्तीने पुढे नेऊ नका.

एकाच जागी चौकोन येत राहिले तर त्या आकड्यापासून दोन-तीन मिनिटं मागे जाऊन तीन-चार वेळा चालवून बघा. कधी हेडने तिथला कण बाजूला सारला की तिसऱ्या खेपेला चित्र स्वच्छ येतं. कॅप्चर करताना हीच युक्ती वापरतो : तो भाग तीन वेळा घेतो आणि तिन्हीतले चांगले तुकडे जोडतो. दर वेळी चौकोन थोड्या वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे बरंच काही वाचतं.

दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर शूट केलेली टेप

कॅमेरा चांगला, टेप चांगली, आणि तरीही सतत चौकोन. अशा वेळी स्क्रीनच्या कोपऱ्यात एसपी (टेपचा नेहमीचा वेग) लिहिलंय की एलपी (संथ वेग), ते वाचा. तासाच्या टेपवर दीड तास बसवायला लोक एलपीवर रेकॉर्ड करायचे. त्यात रेघ १० मायक्रॉनऐवजी सुमारे ६.७ मायक्रॉनची होते. ज्या कॅमेऱ्यात शूट केलं त्यात ती नीट चालते, कारण वाकडेपणा असला तरी दोन्ही वेळी सारखाच असतो. दुसऱ्या कॅमेऱ्याचे टेप वळवणारे खांब केसभर वेगळे असले तरी त्याला ती रेघ सापडत नाही. यात हेड साफ करून काही होणार नाही. मूळ कॅमेरा शोधा. ज्या मामांनी शूट केलं त्यांच्या माळ्यावर तो हमखास असतो, बॅगेसकट, चार्जरसकट. मामांना विचारायला फोनचा खर्च तेवढा.

मूळ कॅमेरा मिळालाच नाही तर दोन-तीन वेगवेगळे कॅमेरे लावून बघावे लागतात. माझ्याकडे चार आहेत, आणि एका कॅमेऱ्याला न वाचणारी टेप दुसरा गुमान वाचतो असं कितीदा तरी झालंय.

क्लीनिंग कॅसेट : दहा सेकंद

इथवर आलात आणि तिन्ही कॅसेटवर चौकोन किंवा पट्ट्या आहेत, दव नाही, बुरशी नाही, मग हेड साफ करायचं. मिनीडीव्हीची कोरडी क्लीनिंग कॅसेट वापरा. तिच्यात टेपच्या जागी बारीक खरखरीत फीत असते, अगदी मऊ पॉलिश पेपरसारखी. ती मळ काढते आणि हेडही किंचित झिजवते. म्हणून कॅसेट घाला, प्ले दाबा, मनात दहा मोजा आणि थांबवा. फास्ट फॉरवर्ड करू नका. कॅसेट मागे फिरवून तीच फीत पुन्हा वापरू नका, कारण काढलेला मळ तिच्यावर बसलेला असतो आणि तोच परत हेडला लागतो.

मग ती बिनमहत्त्वाची टेप लावून बघा. फरक पडला पण पूर्ण गेलं नाही, तर आणखी एकदा दहा सेकंद. सलग तिसऱ्या खेपेला मी थांबतो. तीन वेळांत जे निघालं नाही ते या पद्धतीने निघणार नाही, उलट हेडचं आयुष्य कमी होईल. "दर कार्यक्रमाआधी एकदा फिरवतो" असं अभिमानाने सांगणाऱ्या एका शूटिंगवाल्याचा कॅमेरा माझ्याकडे आला होता. हेड काचेसारखं स्वच्छ होतं, आणि संपलेलं.

साफ झाल्यावर एक नवी चाचणी करा. कोरी कॅसेट मिळाली तर तिच्यावर याच कॅमेऱ्याने पाच मिनिटं खिडकीबाहेरचं झाड शूट करा आणि लगेच चालवून बघा. स्वतः लिहिलेलं स्वतःला वाचता आलं तर हेड ठीक. जुनं रेकॉर्डिंग बरं दिसतं पण नव्या रेकॉर्डिंगवर चौकोन येतात, असं असेल तर हेड झिजत आलंय असं समजा. अशा कॅमेऱ्यातून जुन्या टेप उतरवून घ्या, पण लवकर.

कापसाची काडी

घरी उघडून हेड पुसावं का, हे मला रोज कोणीतरी विचारतं. माझं उत्तर नाही असंच आहे, आणि कारण असं. हेडचं टोक ड्रमच्या कडेबाहेर अगदी नावाला डोकावतं, आणि ते ठिसूळ असतं. कापसाचा एक तंतू त्यात अडकला आणि काडी वर-खाली फिरली की ते तुटतं. तुटताना आवाजही येत नाही. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, काल पुसलं तेव्हापासून अजिबातच चित्र येत नाही.

मी पुसतो ते असं : मऊ शामॉय चामड्याचा छोटा तुकडा, त्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब. तो ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरायचा आणि ड्रमचा वरचा भाग बोटाने सावकाश आडवा फिरवायचा. हलतो तो ड्रम, हात जागचा हलत नाही. मग अर्धा तास वाळू द्यायचं. सॅनिटायझर वापरायचं नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि ड्रमवर चिकट थर राहतो. कोविडनंतरच्या दोन वर्षांत असे चिकटलेले ड्रम माझ्याकडे बरेच आले. स्पिरिट, पेट्रोल, चष्म्याचं लिक्विड, यातलं काहीच नको. हे वाचून कोणी धीर केलाच, तर निदान ज्याच्यावाचून अडणार नाही अशा कॅमेऱ्यावर आधी हात बसवा.

इथे थांबा

टेप आत अडकली आणि कप्पा अर्धा उघडून राहिला, तर ओढू नका, कात्री लावू नका. वीज काढा, कॅमेरा सरळ ठेवा आणि तसाच कारागिराकडे न्या. ओढलेल्या टेपच्या सुरकुत्या कोणालाच काढता येत नाहीत. पण तुटलेली टेप जोडता येते आणि अडकलेली सोडवता येते, म्हणून धीर सोडायचं कारण नाही.

बुरशी, पुराचं पाणी, ई अक्षराचा आकडा, तीनदा साफ करूनही न जाणाऱ्या पट्ट्या, कॅसेट फिरताना येणारी कटकट, टेपच्या कडेला पडणारी चुणी. यातलं काहीही असेल तर पुढचं काम आपलं नाही. चुणी पडत असेल तर वळवणारा खांब किंवा रबराचा रोलर हललाय, आणि त्या कॅमेऱ्यात घातलेली प्रत्येक टेप तो चुरगाळणार. एकही जास्तीची कॅसेट त्यात घालून बघू नका.

कारागिराकडे गेल्यावर दोन गोष्टी विचारा. ड्रम बदलावा लागला तर सुटा भाग कुठून आणणार? बहुतेक वेळा दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढलेलाच असतो. ते चालतं, पण तो किती वापरलेला आहे हे कळायला हवं. आणि ड्रम बदलल्यावर टेपची वाट पुन्हा जुळवणार का? ती न जुळवता परत दिलेला कॅमेरा स्वतःचं रेकॉर्डिंग छान दाखवतो, तुमच्या जुन्या कॅसेट मात्र वाचत नाही. म्हणून आणायला जाताना एक जुनी, बिनमहत्त्वाची कॅसेट खिशात ठेवा आणि त्याच्या टेबलावरच लावून बघा. दुरुस्तीचा आकडा जुन्या चालू कॅमेऱ्याच्या किमतीएवढा झाला तर मी लोकांना दुसरा कॅमेरा घ्यायला सांगतो, किंवा कॅसेट सरळ कन्व्हर्ट करणाऱ्याकडे द्यायला सांगतो.

कॅमेरा एकदा नीट चालायला लागला की वाट बघू नका. सगळ्यात मोलाची कॅसेट पहिली उतरवा, कारण हेड कधी पुन्हा चोक होईल सांगता येत नाही. फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, एक घरात आणि एक बहिणीकडे किंवा मुलाकडे. मग टेप पूर्ण मागे फिरवा, डब्यात घाला आणि पुस्तकासारखी उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुडीसह, खालच्या खणात नव्हे तर वरच्या. पुडीतले दाणे रंग बदलणारे असतील तर रंग बदलल्यावर पुडी बदला. आमच्याकडे मी ते मेच्या शेवटी करतो, पाऊस यायच्या आत.